जेट्टीवरची फायर लाइन: ओली ठेवू की कोरडी? आणि तरंगत्या पाँटूनवर पाइप न्यायचा कसा?

पाइपवाली (वाशी)

नमस्कार मंडळी. नऊ वर्षं बिल्डिंगच्या फायर फायटिंगची ड्रॉइंगं काढतेय. वेट रायझर, डाउनकमर, बेसमेंटचे स्प्रिंकलर हे सगळं आता झोपेतही काढीन. गेल्या महिन्यात साहेबांनी एक फाइल माझ्या टेबलावर टाकली आणि म्हणाले, "छोटंसं आहे, आठवड्यात उरकेल." फाइल निघाली ठाण्याच्या खाडीतल्या एका जेट्टीची. नाव लिहीत नाही, क्लायंटला आवडायचं नाही.

जेट्टी अशी. किनाऱ्यापासून खाडीत १८० मीटर गेलेली, आरसीसीची, पाइल्सवर उभी, रुंदी जेमतेम साडेचार मीटर. साठ आणि एकशेवीस मीटरवर काँक्रीटचे एक्स्पान्शन जॉइंट. टोकाला १८ मीटरचा लोखंडी गँगवे. वरचं टोक बिजागरीवर, खालचं टोक चाकांवर आणि ती चाकं पाँटूनवर. पाँटून १२ मीटर लांब. प्रवासी बोटी पाँटूनला लागतात, मासेमारीच्या होड्या जेट्टीच्या दोन्ही अंगांना. बंब जेट्टीवर जाणार नाही. स्ट्रक्चरलवाल्यांनी लेखी दिलंय की टेंपोपेक्षा जड काही चढवायचं नाही.

म्हणजे पाइप हवाच. आतापर्यंत एवढं केलंय: एका वेळी दोन होज, प्रत्येकी ४५० लिटर, म्हणजे मिनिटाला ९०० लिटर. हेझन-विल्यम्सच्या सूत्रानं (पाइपातल्या घर्षणात दाब किती जातो ते काढायचं) सी, म्हणजे पाइपाच्या गुळगुळीतपणाचा आकडा, १२० धरून १०० एनबी (आतला व्यास साधारण १०० मिलिमीटर) बी-क्लासच्या, म्हणजे मध्यम जाडीच्या, पाइपाच्या १८० मीटरमध्ये साधारण ०.६४ बार दाब खर्च होतो. साहेब म्हणाले, ८० एनबी घाल, स्वस्त पडेल. ८० घातला की तेच २.३ बार. कोरडी लाइन म्हणून सी १०० धरला तर ३.२. हे आकडे समोर ठेवल्यावर ८० चा विषय संपला. हा भाग मला जमतो. गाडी पुढे अडलीय.

लाइन ओली, म्हणजे कायम पाण्यानं भरलेली, ठेवू की कोरडी, म्हणजे आगीच्या वेळीच भरायची? बिल्डिंगमध्ये हा प्रश्न कधी पडलाच नाही. उंची सांगितली की नियमच उत्तर देतो. इथे क्लायंटचं म्हणणं, कोरडी ठेवा, किनाऱ्यावर इनलेट द्या, बंब येईल आणि पाणी मारेल, आम्हाला पंपरूमची कटकट नको. १८० मीटर पाइपात सुमारे १,५७० लिटर मावतात. ९०० च्या प्रवाहानं नुसती लाइन भरायलाच पावणेदोन मिनिटं जातील. एवढं चालतं का?

मटेरियलचंही बघायचंय. एक सप्लायर एचडीपीई (काळा प्लास्टिकचा पाइप) घेऊन रोज फोन करतो. गंजत नाही, हलकं आहे, सी १५० आहे, वगैरे. उघड्यावर, आगीच्या शेजारी ते मला पटत नाही, पण साहेबांना सांगायला नुसतं "पटत नाही" पुरत नाही.

आणि डोकं खाणारा भाग म्हणजे पाँटून. अपोलो बंदरच्या टाइड टेबलात पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणाला ४.८-४.९ मीटर दिसतं, आणि ओहोटी शून्याच्या आसपास. म्हणजे पाँटून दिवसातून दोनदा दीड मजला वरखाली. उधाणाला गँगवे सपाट असतो असं धरलं तर ओहोटीपर्यंत तो साडेपंधरा अंश फिरतो आणि खालचं टोक पाँटूनवर ६५ सेंटिमीटर सरकतं. एवढं सोसणारा रबरी होज किती लांब घ्यायचा आणि बांधायचा कशाला? एनएफपीए ३०३ आणि ३०७ (धक्के-जेट्ट्यांच्या अग्निसुरक्षेची अमेरिकन मानकं) चाळलं, आयएस १३०३९ (हायड्रंटचं भारतीय मानक) वाचलं. दिशा कळते, पण ब्रॅकेट कसं असतं ते कुठेच दिसत नाही. हातानं केलेलं कुणी असेल तर सांगा. चहा माझ्याकडून, वाशी स्टेशनबाहेर.

उरणचा फोरमन

ताई, आकड्यांत मी हात घालत नाही, ते बरोबर आहेत. मी पाइपवाला. १९८९ ला न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं तेव्हा तिथे हेल्पर होतो, नंतर तीस वर्षं धक्के, जेट्ट्या, टँक फार्म. आता घरी नारळांना पाणी घालतो, त्यामुळे लिहायला वेळ आहे. सांभाळून घे.

आधी एक घडलेलं सांगतो. एका खासगी जेट्टीवर कोरडी लाइन होती. टाकली आमच्याच टोळीनं, लेव्हल मी स्वतः धरलेली. सहा वर्षांनी तिथे मॉक ड्रिल ठेवलं. उन्हातान्हात साहेब लोक छत्र्या घेऊन उभे, नाश्त्याचे पुडे आलेले. बंब आला, इनलेटला दोन होज लावले, ऑपरेटरनं दाब हळूहळू सात किलोपर्यंत (चौरस सेंटिमीटरला सात किलो) नेला. आधी टोकाकडून हवेचा फुस्स आवाज आला, मग पाणी पाइपातून धावत येतंय तो आवाज, आणि मग जेट्टी जिथे वळते तिथला एल्बो सरळ पुढे निघाला. फुटला नाही. चार ब्रॅकेटं सोबत घेऊन गेला आणि पाइप धनुष्यासारखा वाकून पाण्यावर लोंबकळत राहिला. कुणाला लागलं नाही, कारण सावलीसाठी सगळे पलीकडे उभे होते.

संध्याकाळी त्यातलं एक ब्रॅकेट मी हातात घेऊन पाहिलं. वरून लाल रंग शाबूत, नुकताच मारल्यासारखा. अंगठ्यानं दाबलं तर रंगाखालून खारीसारखे पापुद्रे सुटायला लागले. बारा मिलिमीटरचा बोल्ट होता, आत शेंगदाण्याएवढा उरलेला.

पण गंज हे अर्धंच कारण. एल्बोच्या अलीकडे, काँक्रीटच्या जॉइंटवर, मधल्या काळात दुरुस्ती करताना कुणीतरी रबरी बेलो (पाइपाला लांबू-आखडू देणारा लवचिक जोड) बसवला होता, त्याची दोन टोकं धरून ठेवणाऱ्या टाय रॉडशिवाय. फ्लँज्ड (टोकाच्या चकत्या बोल्टांनी जोडलेली) किंवा वेल्डेड लाइन स्वतःचा ताण स्वतः धरते. बेलो आला की ती साखळी तुटते आणि सगळा जोर ब्रॅकेटवर येतो. १०० एनबीचं आतलं क्षेत्रफळ ८७ चौरस सेंटिमीटर. सात किलोच्या दाबाला ६१० किलोचा जोर होतो. बेलोचा पोट सुटलेला भाग धरला तर त्याहून जास्त. एक धट्टीकट्टी म्हैस आतून ढुशी मारतेय असं समज, आणि तिला धरायला शेंगदाण्याएवढे बोल्ट.

तर तुझ्या दोन जॉइंटवर बेलोचा मोह होईल, कारण कॅटलॉगमध्ये तो छान दिसतो. घालू नकोस. पाइपाचाच यू लूप कर, चार एल्बोंचा, आडवा. उभा केलास तर वर हवा साठते किंवा खाली पाणी. पोलाद मीटरला, अंशाला ०.०१२ मिलिमीटर वाढतं. डिसेंबरची पहाट आणि मेमधली दुपार यांत उन्हातल्या पाइपाला ४० अंशांचा फरक धर: १८० मीटरला ८६ मिलिमीटर. तीन तुकड्यांत वाटले की लूपवर भागतं. प्रत्येक तुकड्याच्या मधे एकच पक्का अँकर, बाकी सगळे गाइड. पाइप त्यातून सरकला पाहिजे. नवीन पोरं प्रत्येक क्लॅम्प आवळून ठेवतात, मग उन्हाळ्यात पाइप सापासारखा वळतो आणि दोष वेल्डरला.

एचडीपीईला नाही म्हणायचं कारण इथेच आहे. तेवढ्याच ४० अंशांत तुझा १८० मीटरचा एचडीपीई सव्वा मीटरच्या पुढे वाढेल. शिवाय काळा पाइप उन्हात तापला की त्याची दाब सोसायची ताकद उतरते, आणि होडी पेटली की तो वितळतो, म्हणजे ज्या दिवसासाठी टाकला त्याच दिवशी नाही. जमिनीत पुरायचा असेल तर खुशाल घाल, किनाऱ्यावर टाकीपासून जेट्टीच्या तोंडापर्यंत उत्तम आहे. सप्लायरला तेवढी ऑर्डर दे, फोन थांबतील.

जेट्टीवर सी-क्लास घे, लाल पट्टीचा, ५.४ मिलिमीटर जाड. तुझा ०.६४ जरा वाढेल, वाढू दे. सहा-सहा मीटरचे स्पूल (पाइपाचे तयार तुकडे) शॉपमध्ये फ्लँज लावून, वेल्ड करून, मग गॅल्व्हनायझिंगला, म्हणजे जस्ताचा थर चढवायला, पाठव. साइटवर वेल्डिंग शून्य. जिथे वेल्डिंग करशील तिथला जस्ताचा थर जळतो, आणि वरून चांदीचा रंग मारून काही होत नाही. ब्रॅकेटंही हॉट डिप, जाडी दुप्पट. क्लॅम्पखाली फोमची किंवा स्पंजी रबराची पट्टी देऊ नकोस. ती खारं पाणी धरून ठेवते आणि पाइप बरोबर तिथेच पडतो. टणक प्लास्टिकचा अर्धगोल दे, पाइपाखाली हवा खेळू दे.

बोल्टांचंही ऐक. जीआयच्या (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) मोठ्या फ्लँजला स्टेनलेसचा बोल्ट चालतो. उलटं कधी नाही. स्टेनलेसच्या फ्लँजला साधा बोल्ट लावलास तर दोन पावसाळ्यांत नटाच्या जागी लाल डाग राहतो. गनमेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) व्हॉल्व्ह जीआयला लावताना मधे इन्सुलेटिंग गास्केट आणि बोल्टांना स्लीव्ह.

पाइप डेकच्या खालून नेऊ नको. दिसायला सुबक, पण उधाणात लाट खालून उचलते, होडीचं नाक आदळतं, कालवं चिकटतात आणि तपासायला कुणी जात नाही. डेकवरच, कठड्याच्या आत, गुडघ्याएवढ्या उंचीवर. वजनाचा कागद स्ट्रक्चरलवाल्यांना दे: पाण्यासकट मीटरला बावीस-तेवीस किलो, म्हणजे सगळं मिळून चार टन.

आणि लाइन ओलीच ठेव. कोरडी लाइन खोटं बोलते. फुटली, सडली, कुणी व्हॉल्व्ह काढून नेला, तरी आगीपर्यंत कुणाला कळत नाही. ओलीचा काटा खाली आला की रखवालदारालाही कळतं. गंजाचं म्हणशील तर उलट आहे. बंद गोड्या पाण्यातला प्राणवायू संपला की गंज मंदावतो. कोरड्यात ड्रिलनंतर तळाला बोटभर पाणी आणि वर हवा. पाइप सडवायला यापेक्षा चांगली सोय नाही.

पाँटूनचं उद्या लिहितो, डोळे दुखले.

हिशेबी

काकांचं बाकी सगळं मान्य, पण "ओलीच ठेव" यावर माझा आक्षेप. मी फायर ऑडिट करतो. मोठ्या बंदरात शिफ्टला पंप ऑपरेटर असतो, तिथे दाबाखालची ओली लाइन ठीक. छोट्या जेट्टीवर काय होतं ते मी पाहतो. पॅनल ऑटोवरून मॅन्युअलवर, कारण जॉकी पंप (लाइनचा दाब टिकवणारा छोटा पंप) रात्री सारखा चालू होतो आणि रखवालदाराची झोपमोड होते. डिझेल पंपाची बॅटरी उतरलेली. एका ठिकाणी तर पंपरूमची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडे, आणि सेक्रेटरी गावाला. तेल-गॅस हाताळणाऱ्या जेट्टीची गोष्ट वेगळी, तिथे ओआयएसडी १५६ (तेल-उद्योगाचं सुरक्षा मानक) लागतं आणि पळवाट नसते. ही प्रवासी आणि होड्यांची जेट्टी आहे.

मधला मार्ग आहे. लाइन भरलेली ठेवा, पण पंपाशिवाय. किनाऱ्यावर तिकीटघराच्या गच्चीवर टाकी असेलच. तिथून २५ मिलिमीटरची बारीक लाइन, तिला पाणी उलटं न जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, आणि मुख्य पाइप त्या पाण्यानं कायम भरलेला. दहा मीटर उंचीची टाकी म्हणजे काट्यावर एक बार. आग विझवायला तो दाब पुरणार नाही, ते काम बंबाचं. पण लाइन शाबूत आहे की नाही ते तो काटा चोवीस तास सांगत राहतो, काकांना हवं तसं. आणि पाइपवालीताईंची पावणेदोन मिनिटंही वाचतात, बंबानं जोर लावला की टोकाला लगेच पाणी. इथे थंडीत पाणी गोठायची भानगड नाही. परदेशी पुस्तकांत कोरड्या लाइनचा एवढा आग्रह दिसतो त्यामागे बऱ्याचदा बर्फ असतो. ते आपल्याकडे डोळे मिटून उतरवून घेऊ नये.

काटा दोन्ही टोकांना द्या. एकाच टोकाला दिलात तर मधला आयसोलेशन व्हॉल्व्ह कुणी बंद केला तरी तो एक बारच दाखवत राहील.

उरणचा फोरमन

हे डोक्यात आलं नव्हतं. चांगलं आहे. फक्त टोकाला एअर रिलीज व्हॉल्व्ह विसरू नका, नाहीतर पहिल्यांदा भरताना शेवटच्या वीस मीटरमध्ये हवाच कोंडून बसेल.

नाखवा, दिवाळे

मी इंजिनिअर नाही. दोन होड्या आहेत, बापजाद्यांचा धंदा. वाचता वाचता राहवलं नाही म्हणून लिहितो.

पाइप पाँटूनवर नेताच कशाला? मॅडम स्वतःच म्हणतात गँगवे १८ मीटर आणि पाँटून १२ मीटर. होजची लांबी किती असते? आमच्याकडे ट्रेनिंगला आणलेला तो १५ मीटरचा होता. दोन जोडले की ३० मीटर झाले. नळ गँगवेच्या वरच्या टोकाला ठेवा, जिथे काही हलत नाही, आणि होज घेऊन माणूस खाली उतरेल. रबराचा पाइप गँगवेखाली टांगून ठेवलात तर पहिल्या महिन्यात त्याला जाळी अडकणार, दुसऱ्या महिन्यात चाकाखाली येणार.

दुसरं असं की आग लागते कधी ते बघा. मासेमारी चालू असते तेव्हा धक्का मोकळा असतो. १ जून ते ३१ जुलै बंदी, तेव्हा सगळ्या होड्या घरी. काही वर ओढतात, काही एकाला एक लावून पाच-पाचच्या रांगेत उभ्या. आणि बंदी उठायच्या आधी सगळ्यांची एकच घाई: रंग, थिनर, फायबरचं काम, वेल्डिंग, इंजिन खोलून ठेवलेलं, नायलॉनच्या जाळ्यांचा ढीग. शिवाय होडीवर स्टोव्ह नाहीतर सिलिंडर असतोच, खलाशी तिथेच जेवण करतात. तुमचं पाणी जेट्टीच्या कडेला पोचून उपयोग नाही, पाचव्या होडीपर्यंत गेलं पाहिजे. प्रत्येक पेटीत दोन होज ठेवा, एक नको.

एखादी पेटली तर आम्ही पाण्याची वाट बघत बसत नाही. दोर कापायचा आणि बांबूनं लोटून द्यायची, वारा बघून. वारा उलटा असला की मात्र ती परत बाकीच्यांच्या अंगावर येते. म्हणून पेटीत एक कुऱ्हाड आणि एक लांब आकडीचा बांबू ठेवा, तुमच्या पाइपाच्या खर्चापुढे ते काहीच नाही.

आणि पितळेचे नळ राहणार नाहीत. माझ्या ओळखीच्या एका धक्क्यावरचे एका रात्रीत गेले, झाकणं साखळीसकट.

लाल गाडी

३२ वर्षं अग्निशमन सेवेत काढली, आता निवृत्त. नाखवांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. माझ्या जवानाला मी गँगवेच्या वर उभा केलेला आवडेल, तिथून त्याला मागे यायला वाट आहे. पाँटूनवरच्या हायड्रंटपाशी गेला आणि आग त्याच्या आणि गँगवेच्या मधे आली तर पुढे खाडी.

इनलेटबद्दल थोडं. दोन तोंडांचं, ६३ मिलिमीटरचं, बंब जिथे वळून उभा राहू शकतो तिथे. तिकीटघराच्या मागे, स्कूटरच्या पार्किंगमध्ये दडवलेली इनलेटं मी कितीतरी पाहिलीत. रात्री, पावसात, टॉर्चच्या उजेडात सापडलं पाहिजे. शेजारी पाटी लावा: लाइनची लांबी, हायड्रंट किती, कमाल दाब किती. ऑपरेटरला टोकाला काय चाललंय ते दिसत नसतं.

आता पाण्याचा साठा. सभोवती खाडी आहे तर तिचंच पाणी ओढू, असं कुणीतरी मीटिंगमध्ये बोलेलच. पंप कागदावर दहा मीटर ओढतो, प्रत्यक्षात सात धरायचं. जेट्टीचा माथा टाइडच्या शून्यापासून सहा-साडेसहा मीटर असेल, त्यावर पंपाची उंची. म्हणजे मोठ्या ओहोटीला हातातोंडाशी. त्यात खाली पाणी असेल तर. आपल्या खाडीत ओहोटीला पाणी मागे जातं आणि उरतो चिखल. स्ट्रेनरमध्ये तो गेला की संपलं. तेव्हा किनाऱ्यावर गोड्या पाण्याची टाकी हवीच. ९०० लिटरनं तासाभराचे ५४,००० लिटर होतात. खाडीचं पाणी राखीव म्हणून ठेवा, आणि वापरलंच तर त्याच दिवशी लाइन गोड्या पाण्यानं धुवा.

पाणी जपून मारायचं हेही ट्रेनिंगमध्ये सांगा. बोट विझवताना बोटच भरते. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर फेब्रुवारी १९४२ मध्ये नॉर्मंडी नावाचं अवाढव्य जहाज पेटलं. आग आटोक्यात आली, पण वरच्या डेकवर ओतलेल्या पाण्यानं ते कलंडून आडवं झालं. लाकडी होडीला तर काही मिनिटंच लागतात.

ड्रिल १४ एप्रिलच्या आठवड्यात ठेवतील, सगळे तेव्हाच ठेवतात. १९४४ च्या त्या तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन फुटलं. पोटात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र भरलेला. आमचे ६६ जवान गेले. तारीख जरूर पाळा, फक्त वेळ भरतीची घेऊ नका. भरतीला सगळंच सोपं असतं. ओहोटीला, गँगवे पूर्ण उतरता असताना, भरलेला होज खाली न्यायला लावा.

पाइपवाली (वाशी)

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. चार दिवस उत्तर दिलं नाही कारण काल अमावस्या होती आणि लाल गाडी सरांचं "त्यात खाली पाणी असेल तर" डोक्यात फिरत होतं. आजवर दोन साइट व्हिजिट केल्या, दोन्ही दुपारी बाराच्या सुमाराला, ऑफिसची गाडी तेव्हाच मिळते म्हणून. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास आपल्याकडे भरती नेमकी दुपारीच असते हे मला ठाऊकच नव्हतं. दोन्ही वेळा जेट्टी अगदी चित्रासारखी, पाणी काठोकाठ, गँगवे सपाट.

काल सकाळी साडेसहाला गेले. पाणी नव्हतंच. करडा चिखल पार लांबपर्यंत, त्यावर चिंबोऱ्यांची भोकं, दूर फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ. आणि पाँटून चिखलात बसलेलं. तरंगत नव्हतं, बसलेलं, आणि तेही एका कुशीवर. खाडीकडची बाजू खाली, किनाऱ्याकडची वर. लेव्हल ट्यूब नव्हती म्हणून डब्यातली पाण्याची बाटली आडवी ठेवून बघितलं, घरंगळत थेट कठड्याला जाऊन आदळली. गँगवेचं एक चाक हवेत होतं.

म्हणजे माझं साडेपंधरा अंश आणि ६५ सेंटिमीटर गेलं बाराच्या भावात. गँगवे नुसता वरखाली होत नाही, पीळही खातो. रबरी होज दोन्ही दिशांना वाकवता आला असता, पण पिळावर तो किती दिवस टिकला असता कोण जाणे. बरं, ड्रॉइंगमध्ये पाँटूनखाली दीड मीटर पाणी दाखवलंय. कदाचित बांधलं तेव्हा असेल, नंतर गाळ भरला. गँगवेच्या बिजागरीला ग्रीस लावायला आलेला माणूस हसून म्हणाला, "मॅडम, हे रोजचंच आहे, आम्ही मोठ्या उधाणाच्या दिवसांत सकाळची फेरीच लावत नाही."

साहेबांना बाटलीचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी दोनदा पाहिला आणि म्हणाले, पाँटूनवरचा पाइप काढून टाक. नाखवादादा, तुमचाच मुद्दा, फक्त मी त्याला "डिझाइन ऑप्शन बी" असं नाव दिलं.

आता ठरलंय ते असं: १०० एनबी सी-क्लास, गॅल्व्हनाइज्ड स्पूल, डेकवर, दोन आडवे लूप. गच्चीवरच्या टाकीतून भरलेली लाइन, दोन्ही टोकांना काटे. ३० मीटरला एक हायड्रंट, शेवटचा गँगवेच्या माथ्याशी. प्रत्येक पेटीत दोन होज, शेवटच्या पेटीत तीन, कारण १५-१५ मीटरचे दोन होज पाँटूनच्या टोकाला जेमतेम पोचतात आणि तिथून पुढे लागलेल्या बोटीचं काय. कुऱ्हाड आणि बांबू बीओक्यूमध्ये (खरेदीच्या सामानाच्या यादीत) घातलाय. "आकडीचा बांबू, एक नग" वाचून परचेसवाल्यानं दोनदा फोन केला.

एकच अडकलंय. क्लायंट गनमेटलला चोरीमुळे नाही म्हणतो, स्टेनलेसला किमतीमुळे. काका, तुमच्याकडे काय करायचे?

उरणचा फोरमन

पोरी, बाटलीचं काम झकास. मला तीस वर्षांत सुचलं नाही.

व्हॉल्व्हचं असं आहे की भंगारवाल्याला स्टेनलेसही चालतं, त्यामुळे महाग घेऊन चोरी थांबत नाही. आम्ही दोन गोष्टी करायचो. व्हॉल्व्हची बॉडी ब्रॅकेटला पट्टीनं वेढून ती पट्टी वेल्ड करायचो, शॉपमध्येच, गॅल्व्हनायझिंगच्या आधी पट्टीचे कान तयार ठेवून. आणि झाकण प्लास्टिकचं, लाल. त्याला भंगारात कुणी विचारत नाही. पेटीला कुलूप मात्र घालू देऊ नकोस. क्लायंट मागेल. काचेचं दार दे.

आणि भरलेली लाइन आहे, तर चोरानं व्हॉल्व्ह फिरवलाच तर पहिलं पाणी त्याच्याच तोंडावर. हिशेबींना सांग, हा फायदा त्यांनी लिहिला नव्हता.

पाँटूनखालचा गाळ कोण काढणार ते विचारलंस का?

पाइपवाली (वाशी)

विचारलं. ती फाइल दुसऱ्या टेबलावर आहे म्हणे.